न्यासाची जागा विकण्याआधी लाभार्थ्यांना विचारा

मा. संपादक यांस,
सादर नमस्कार.

सार्वजनिक न्यासांच्या जागा, त्यांचे हिशोब आणि विश्वस्तांमधील वाद यांच्या बातम्या आपल्या दैनिकात वरचेवर येतात. त्या वाचून अनेकांचा असा समज होतो की, या संस्थांवर कायद्याचा अंकुशच नाही. वस्तुस्थिती तशी नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० हा या विषयावरील देशातील सर्वांत सविस्तर कायद्यांपैकी एक आहे, आणि जुन्या मुंबई राज्यात जन्मलेला हाच कायदा आज गुजरातेतही चालतो. अधिकार भरपूर आहेत. उणीव निराळ्याच ठिकाणी आहे. ज्यांच्या भल्यासाठी न्यास स्थापन झाला, त्या माणसांना न्यासाच्या कारभारात काय चालले आहे हे कळण्याची सोय या सर्व व्यवस्थेत फार तोकडी आहे, आणि जिथे कळते तिथे ते बहुधा उशिरा कळते. या एकाच मुद्द्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

या कायद्यापूर्वी न्यासातील गैरव्यवहाराविरुद्ध दाद मागायची, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९२ खाली महाअधिवक्त्यांची संमती घेऊन दोन हितसंबंधी व्यक्तींनी दावा लावायचा, हाच मुख्य मार्ग होता. तो खर्चिक होता, लांबणारा होता आणि सामान्य भाविकाच्या किंवा विद्यार्थ्याच्या आवाक्यातला नव्हता. १९३५ मध्ये नोंदणीचा आणि हिशोब तपासणीचा एक मर्यादित कायदा झाला. पुढे १९४८ मध्ये न्यायमूर्ती तेंडोलकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिच्या कामातून १९५० चा कायदा आकाराला आला. मंदिर, मठ, चर्च, अग्यारी, सिनेगॉग, शिक्षणसंस्था, रुग्णालय, वाचनालय अशा सर्वांना एकाच नोंदणीखाली आणणारा आणि त्यासाठी धर्मादाय आयुक्त हे स्वतंत्र पद निर्माण करणारा तो कायदा होता. त्याला लगेच आव्हानही मिळाले. १९५४ मध्ये रतिलाल पानाचंद गांधी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचा मुख्य गाभा वैध ठरवला. मात्र धर्मादाय आयुक्तांनाच धार्मिक न्यासाचे विश्वस्त म्हणून नेमता येईल, अशा स्वरूपाच्या तरतुदी न्यायालयाने रद्द केल्या. मिळकतीच्या व्यवस्थापनाचे नियमन शासनाने करावे, परंतु व्यवस्थापनाचा हक्कच काढून घेऊ नये, ही तेव्हा आखलेली रेषा मला आजही योग्य वाटते.

आता मुख्य विषयाकडे येतो. कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे न्यासाची स्थावर मिळकत विकायची, अदलाबदल करायची किंवा बक्षीस द्यायची झाल्यास धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. शेतजमीन दहा वर्षांपेक्षा अधिक मुदतीने आणि बिगरशेती जमीन किंवा इमारत तीन वर्षांपेक्षा अधिक मुदतीने भाडेपट्ट्याने द्यायची असली, तरीही ती लागते. परवानगीशिवाय केलेला व्यवहार वैध नसतो. अर्जात कोणती माहिती द्यायची हे याच कायद्याखालच्या १९५१ च्या नियमांतील नियम २४ सांगतो: न्यासपत्रात विक्रीबाबत काही निर्देश आहेत काय, विक्रीची गरज कोणती, ती न्यासाच्या हिताची कशी, आणि त्यासोबत तज्ज्ञाचा मूल्यांकन अहवाल. तरतूद काळजीपूर्वक केलेली आहे, यात शंका नाही. पण ही चौकशी मुळात विश्वस्त आणि आयुक्त या दोघांमध्येच चालते. विकायला निघालेली जागा वसतिगृहाची असेल, तर तिथे राहणारे विद्यार्थी त्या चौकशीत पक्षकार नसतात. दवाखान्याची असेल तर तिथले रुग्ण नसतात. देवस्थानची असेल तर भाविक नसतात. वर्तमानपत्रात निविदेची जाहिरात येते, परंतु ती विकत घेणाऱ्यासाठी असते. लाभार्थ्याने ती वाचून हरकत घ्यावी, अशी तिची भाषाही नसते आणि तिची जागाही नसते.

याचा परिणाम काय होतो, हे गेल्या वर्षी, २०२५ मध्ये, सर्व महाराष्ट्राने पाहिले. पुण्यात मॉडेल कॉलनीतील जैन बोर्डिंगच्या जागेच्या विक्रीला परवानगी मिळाली. त्या आवारात विद्यार्थ्यांचे वसतिगृह आहे आणि जिनमंदिरही आहे. व्यवहाराची व्याप्ती समाजाच्या लक्षात आली तेव्हा मोर्चे निघाले, निवेदने दिली गेली, खरेदीदारानेही माघार घेतली, आणि ऑक्टोबरअखेर धर्मादाय आयुक्तांनी विक्रीची परवानगी रद्द केली. त्या व्यवहारातील कोणाच्या हेतूविषयी मला येथे काहीही म्हणायचे नाही. माझे म्हणणे प्रक्रियेपुरते आहे. जो विरोध परवानगीनंतर रस्त्यावर व्यक्त झाला, तो परवानगीपूर्वी आयुक्तांच्या दालनात ऐकला गेला असता, तर सर्वांचाच मनस्ताप वाचला असता. शिवाय पुण्यासारख्या शहरात समाज संघटित होता, वृत्तपत्रांचे लक्ष होते, लोकप्रतिनिधी पुढे आले. जिल्ह्याच्या ठिकाणी एखाद्या जुन्या शिक्षणसंस्थेचे मैदान किंवा एखाद्या देवस्थानची इनाम जमीन अशीच हातातून गेली, तर तिच्यासाठी मोर्चा कोण काढणार?

लबाडीने, चुकीची माहिती देऊन किंवा महत्त्वाची वस्तुस्थिती दडवून परवानगी मिळवली असेल तर ती मागे घेण्याचा अधिकार कलम ३६ मध्येच आहे. पण वस्तुस्थिती दडवली गेली हे आयुक्तांना सांगणार कोण? जागेवर प्रत्यक्ष काय आहे, तिथे किती मुले राहतात, कोणती खोली कोणाच्या देणगीतून बांधली, दात्याने कोणती अट घातली होती, हे त्या संस्थेशी निगडित माणसांनाच ठाऊक असते. त्यांना बाहेर ठेवून होणारी चौकशी कितीही प्रामाणिक असली, तरी अपुऱ्या माहितीवर चालते. लाभार्थ्यांना ऐकण्याचे पहिले कारण हेच आहे की, त्याने आयुक्तांचा निर्णय अधिक अचूक होईल. लोकशाहीच्या तत्त्वाचा प्रश्न त्यानंतर येतो.

सर्वोच्च न्यायालयाने ही दिशा फार पूर्वी दाखवलेली आहे. १९८६ मध्ये चेंचू रामी रेड्डी खटल्यात धर्मादाय संस्थेची जमीन खाजगी वाटाघाटीने विकण्याबाबत न्यायालयाने कठोर शब्द वापरले आणि अशा मिळकती शक्यतो जाहीर लिलावानेच विकल्या पाहिजेत, असे सांगितले. २००७ मध्ये केरळमधील मंदिरांचा कारभार पाहणाऱ्या कोचीन देवस्वम मंडळाच्या प्रकरणात, देवस्थानच्या मिळकतींचे रक्षण ज्यांनी करायचे त्यांच्याच संगनमताने त्या गिळल्या जातात तेव्हा कुंपणानेच शेत खाल्ल्यासारखे होते, या अर्थाचे उद्गार न्यायालयाने काढले. आणि सायरस रुस्तम पटेल विरुद्ध धर्मादाय आयुक्त या महाराष्ट्रातीलच प्रकरणात, कलम ३६ खालची परवानगी हा यांत्रिक उपचार नसून गरज आणि न्यासाचे हित यांची खरी छाननी तिच्यात अपेक्षित आहे, ही भूमिका घेतली. २०१७ च्या दुरुस्तीने मात्र पूर्वी विनापरवाना झालेल्या व्यवहारांना अपवादात्मक परिस्थितीत कार्योत्तर मंजुरी देण्याचा मार्ग कायद्यात आला. त्याला कडक अटी आहेत हे खरे. बाजारभाव, निकड, विश्वस्तांचा सद्हेतू हे सर्व तपासावे लागते. तरीही, जो व्यवहार पूर्वपरवानगी न घेताच, लाभार्थ्यांपासून दूर राहून झाला, त्याला मागाहून मंजुरी देताना तरी त्यांचे ऐकले गेले पाहिजे, असे मला आग्रहाने वाटते.

इंग्लंड आणि वेल्समध्ये, धर्मादाय संस्थेच्या उद्दिष्टासाठीच राखून ठेवलेली जमीन विकायची असेल, तर किमान एक महिन्याची जाहीर सूचना देऊन लोकांची मते मागवावी लागतात आणि ती विचारात घ्यावी लागतात. २०११ च्या त्यांच्या कायद्यात ही सर्वसाधारण नियम म्हणून स्पष्ट तरतूद आहे. ती व्यवस्था सर्वांगाने आदर्श आहे असा माझा दावा नाही. परंतु एवढी एक गोष्ट आपल्या नियमांत घ्यायला कोणती अडचण आहे, हे मला समजलेले नाही.

आपल्या कायद्यात ‘हितसंबंधी व्यक्ती’ या संज्ञेची व्याख्या कलम २ मध्ये आहे. मंदिराच्या बाबतीत तिथे दर्शनाला किंवा पूजेला जाण्याचा हक्क असणारा किंवा नियमितपणे जाणारा माणूस हितसंबंधी ठरतो, मठाच्या बाबतीत शिष्य, नोंदणीकृत संस्थेच्या बाबतीत सभासद, आणि इतर न्यासांच्या बाबतीत विश्वस्त किंवा लाभार्थी. देवस्थानांच्या बाबतीत ही व्याख्या पुरेशी उदार आहे. खरी अडचण येते ती शिक्षणसंस्थांच्या आणि रुग्णालयांच्या बाबतीत. संस्था म्हणून नोंदलेल्या शाळेत सभासद मोजके असतात आणि पुष्कळदा ते विश्वस्तांच्याच नात्यागोत्यातले असतात, तर शाळेत शिकणारी शेकडो मुले आणि त्यांचे पालक कायद्याच्या नजरेत बाहेरचे ठरण्याचा धोका राहतो. कलम ४१ डी खाली विश्वस्ताला निलंबित किंवा दूर करण्याचा अर्ज हितसंबंधी व्यक्तीला करता येतो. मग ती व्यक्ती कोण, यावरच वाद घालून मूळ तक्रार वर्षानुवर्षे बाजूला पडू शकते. पालक, विद्यार्थी, माजी विद्यार्थी आणि देणगीदार यांचा या व्याख्येत स्पष्ट शब्दांत समावेश व्हायला हवा.

हिशोबांविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण या क्षेत्राबाहेरच्या वाचकाला न्यासाचा लेखापरीक्षण अहवाल किती बोलका असतो याची कल्पना नसते. नियम १९ प्रमाणे लेखापरीक्षकाला केवळ ताळेबंद बरोबर आहे एवढेच सांगून भागत नाही. रोख शिल्लक आणि पावत्या विश्वस्तांच्या ताब्यात आहेत काय, न्यासाचा पैसा उद्दिष्टाबाहेर खर्च झाला काय, वर्षाहून अधिक काळ थकलेली येणी किती आणि त्यांतली किती सोडून दिली, पाच हजार रुपयांवरील दुरुस्तीसाठी किंवा बांधकामासाठी निविदा मागवल्या होत्या काय, कलम ३५ ला सोडून गुंतवणूक झाली काय, कलम ३६ डावलून मिळकत हस्तांतरित झाली काय, सभा वेळेवर होतात काय, इतिवृत्त लिहिले जाते काय, एखादा विश्वस्त न्यासाचा ऋणको किंवा धनको आहे काय, आणि मागच्या वर्षी दाखवलेल्या त्रुटी दूर झाल्या काय, अशा नेमक्या प्रश्नांची उत्तरे त्याला लेखी द्यावी लागतात. कोणत्याही न्यासाची प्रकृती या एका कागदावरून कळते. हा कागद दरवर्षी सहायक किंवा उप धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जातो, आणि तिथून पुढे, तक्रार झाली नाही तर, तो सहसा कोणी उघडून पाहत नाही. एवढ्या मोठ्या संख्येने येणारे अहवाल मोजक्या निरीक्षकांनी वाचावेत अशी अपेक्षा करणेही अन्यायाचे आहे. पण तो देणगीदाराला, पालकाला, भाविकाला सहज वाचता आला, तर वाचणारे हजारो डोळे मिळतील.

माहिती अधिकारात तो मागता येतो, असे उत्तर यावर दिले जाते. न्यास स्वतः त्या कायद्याखाली येत नसला, तरी आयुक्तांच्या कार्यालयातील अभिलेख येतो, हे बरोबर आहे. परंतु अर्ज करायचा, मुदतीची वाट पाहायची, अपील करायचे, आणि हे सर्व ज्या गावात विश्वस्त हाच प्रतिष्ठित माणूस असतो त्या गावात स्वतःच्या नावाने करायचे, याला धैर्य लागते. त्याच कायद्याचे कलम ४ सार्वजनिक प्राधिकरणांनी माहिती आपणहून प्रसिद्ध करावी असे सांगते. सार्वजनिक न्यासांच्या ज्या नोंदवहीला सर्वजण पीटीआर म्हणतात तिचा उतारा, लेखापरीक्षण अहवाल आणि कलम ३६ खालचे अर्ज व आदेश, एवढे जरी कोणी न मागता संकेतस्थळावर आले, तरी फार मोठा बदल होईल.

विश्वस्तांमधील बदलांच्या नोंदीचा विषयही याच्याशी जोडलेला आहे. विश्वस्त बदलला, मिळकत वाढली किंवा घटली की नव्वद दिवसांत कलम २२ खाली बदल अर्ज, म्हणजे व्यवहारातला चेंज रिपोर्ट, द्यावा लागतो. मी काही वर्षे एका सार्वजनिक वाचनालयाचा कार्यवाह होतो, त्यामुळे याचा अनुभव आहे. निवडणूक रीतसर झाली, अर्ज वेळेत गेला, तरी त्यावरचा आदेश पुढच्या निवडणुकीच्या सुमाराला हाती आला. मधल्या काळात बँक नव्या पदाधिकाऱ्यांच्या सह्या स्वीकारत नव्हती, कारण तिला पीटीआरवर नावे हवी होती, आणि ग्रंथालय अनुदानाची कागदपत्रे जुन्या नावांनी द्यावी लागत होती. आमच्या संस्थेत वाद नव्हता, म्हणून निभावले. जिथे दोन गट असतात, तिथे हाच विलंब शस्त्र बनतो: दोन्ही गट आपापले चेंज रिपोर्ट दाखल करतात, आणि नोंदीवर ज्यांची जुनी नावे आहेत ते, मुदत संपून गेली तरी, कारभार हाकत राहतात. २०१७ च्या दुरुस्तीने विश्वस्त बदलाला तात्पुरती मान्यता देऊन हरकती मागवण्याची आणि हरकत न आल्यास ती कायम करण्याची सोय केली, हे योग्य पाऊल होते. त्या हरकतींची सूचना सभासदांच्या आणि लाभार्थ्यांच्या नजरेस पडेल अशा ठिकाणी लागली, तरच तिचा उपयोग.

उघडेपणाने काय साधते याचे उदाहरण याच खात्यात आहे. कलम ४१ एए आणि मुंबई उच्च न्यायालयाने १७ ऑगस्ट २००६ रोजी मंजूर केलेली योजना यांनुसार धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखाव्या लागतात, तसेच एकूण देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत वर्ग करावी लागते. तातडीच्या प्रसंगी रुग्णाला तत्काळ दाखल करून घेण्याचे आणि निर्धन रुग्णाकडून अनामत न मागण्याचे बंधनही त्यात आहे. या योजनेची अंमलबजावणी निर्दोष आहे असे कोणीही म्हणणार नाही. परंतु शिल्लक खाटांची माहिती संकेतस्थळावर देण्याची व्यवस्था झाल्यापासून रुग्णाचा नातेवाईक किंवा एखादा कार्यकर्ता फोनवर ती वाचून रुग्णालयाच्या खिडकीशी उभा राहून हक्काने बोलू शकतो. त्याच्या हातात माहिती आहे म्हणून तो बोलू शकतो. जे कार्यालय खाटांची माहिती देऊ शकते, त्याला विक्रीच्या अर्जांची देता येणार नाही असे मानण्याचे कारण नाही.

काही जण यावर सुचवतात की मोठी देवस्थाने आणि संस्था शासनानेच स्वतंत्र कायदा करून ताब्यात घ्याव्यात. पंढरपूरसाठी १९७३ चा, सिद्धिविनायकासाठी १९८० चा आणि शिर्डीसाठी २००४ चा कायदा झाला. पंढरपूरच्या बाबतीत पुजाऱ्यांच्या पिढीजात हक्कांच्या प्रश्नामुळे तसे करणे आवश्यक होते, असे माझे मत आहे. पण हा सर्वसाधारण उपाय होऊ शकत नाही. शासननियुक्त समितीवर कोणाची वर्णी लागते हे आपण जाणतो. शिर्डी संस्थानच्या विश्वस्त मंडळाच्या नेमणुका सप्टेंबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला रद्द कराव्या लागल्या होत्या. देखरेख करणारा आणि कारभार करणारा एकच झाला, की देखरेख संपते. शासनाने विश्वस्त होऊ नये. विश्वस्तांना लोकांसमोर हिशोब द्यायला लावावे.

लहान न्यासांवर यामुळे बोजा पडेल, ही हरकत मी गांभीर्याने घेतो, कारण आमच्या वाचनालयासारख्या संस्थांत पगारी कारकूनसुद्धा नसतो. पण मी एकही नवा कागद मागत नाही. जे कागद न्यास आजही दाखल करतात, तेच कार्यालयाने लोकांना दाखवावेत, एवढेच मागणे आहे. राहिला खर्चाचा प्रश्न. कलम ५८ खाली न्यासांनीच दिलेल्या अंशदानातून सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था प्रशासन निधी उभा राहिला आहे. हे अंशदान कर नसून सेवेबद्दलचे शुल्क आहे, म्हणूनच ते १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकले. सेवेपोटी घेतलेला तो पैसा अभिलेखांच्या संगणकीकरणावर आणि रिक्त पदे भरण्यावर खर्च होणे यापेक्षा अधिक उचित दुसरे काही मला दिसत नाही.

विधी व न्याय विभागाकडे माझी विनंती आहे की सुरुवात नियम २४ पासून करावी, कारण तिथे कायद्याला हात लावण्याचीही गरज नाही. कलम ३६ खालचा प्रत्येक अर्ज दाखल होताच, त्याची मराठीतील सूचना प्रत्यक्ष जागेच्या दर्शनी भागावर, संस्थेच्या फलकावर आणि धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर किमान तीस दिवस लावली जावी. तिच्यात गट क्रमांक किंवा नगर भूमापन क्रमांक, क्षेत्रफळ, तज्ज्ञाने काढलेले मूल्य, विक्रीचे कारण आणि येणारा पैसा कशावर खर्च होणार हे लिहिलेले असावे. आलेल्या प्रत्येक लेखी हरकतीचे उत्तर आदेशात द्यावे. आणि ही सूचना लावल्याचा पंचनामा दाखल झाला नसेल तर अर्ज सुनावणीसाठी घेऊच नये.

आपला विश्वासू,
एका सार्वजनिक वाचनालयाचा माजी कार्यवाह,
सातारा जिल्हा